मुकी कळ

कळ दाबली आणि काहीच उमटले नाही.

गेल्या वर्षीच्या पावसाळ्यातली गोष्ट. रात्रीचे नऊ वाजून गेले होते, बाहेर पाऊस कोसळत होता आणि मी संगणकासमोर बसून एका अर्जाची दुसरी प्रत तयार करीत होतो. रोमन लिपीतल्या एका अक्षराच्या डोक्यावर लाटेसारखी एक लहानशी रेघ मला हवी होती. तशी रेघ कळफलकाच्या डाव्या कोपऱ्यात छापलेली दिसत होती. ती कळ मी दाबली. पडद्यावर काही आले नाही. जरा जोर लावून पुन्हा दाबली. तेव्हा एकीऐवजी दोन रेघा शेजारी शेजारी येऊन उभ्या राहिल्या, आणि ज्याच्या डोक्यावर त्यांनी बसायचे ते अक्षर बाजूलाच राहिले.

"बिघडला वाटतं हा," मी म्हणालो.

"तुमच्या हाती आल्यावर दुसरं काय होणार?" स्वयंपाकघरातून उत्तर आले.

वाचकांपासून लपवून ठेवण्यात अर्थ नाही. यंत्रांशी माझे फारसे सख्य नाही. गोव्याची हद्द जेथून फार दूर नाही अशा सिंधुदुर्गातल्या एका गावात मी चित्रकलेचा शिक्षक आहे. शिक्षण विचाराल तर मॅट्रिक. त्यापुढे चित्रकला शिकवण्यापुरती पदविका घेतली, कॉलेजची पायरी काही चढलो नाही. तीन कादंबऱ्या माझ्या नावावर आहेत. तिन्ही हाताने लिहिल्या. परंतु अलीकडे प्रकाशकांना हस्ताक्षर वाचवत नाही आणि शाळेतले प्रत्येक काम संगणकावर करावे लागते, तेव्हा हे यंत्र माझ्या घरात शिरले.

शेवटी जर्मनीत नोकरी करणाऱ्या पुतण्याला फोन लावला. तिकडे संध्याकाळ होती. त्याने अगोदर कळफलकाची मांडणी 'आंतरराष्ट्रीय' करून दिली होतीच. माझी तक्रार ऐकून तो हसला आणि म्हणाला, "काका, काही बिघडलेलं नाही. ती डेड की आहे. ती दाबायची, आणि ती गप्प बसली तरी घाबरायचं नाही. आता पुढचं अक्षर दाबा."

मी दाबले. आणि अक्षर आले ते डोक्यावर लाट घेऊनच आले.

डेड की! हा शब्द ऐकून मी एकदम तीस वर्षे मागे गेलो. मॅट्रिकच्या परीक्षेनंतरच्या सुटीत मी तालुक्याच्या गावी टंकलेखन शिकायला जात असे. पत्र्याच्या छपराखाली दहाबारा यंत्रे ओळीने मांडलेली असत आणि पाऊस पडू लागला म्हणजे पावसाचा आवाज कोणता आणि यंत्रांचा कोणता हे कळेनासे होई. संस्था चालवणाऱ्या गृहस्थांना आम्ही अण्णा म्हणत असू. मराठीच्या यंत्रावर अनुस्वार, उकार अशा खुणांच्या काही कळा होत्या. कोणतीही साधी कळ दाबली की अक्षर उमटते आणि कॅरेज एक घर पुढे सरकते. या कळांचे तसे नव्हते. त्या दाबल्या की खूण उमटे, पण कॅरेज जागची हलत नसे. त्याच जागी दुसरे अक्षर यायचे आणि दोघांनी मिळून एक घर पुढे जायचे. इंग्रजीत अशा कळेला 'डेड की', म्हणजे मेलेली कळ म्हणतात. अण्णांना हे नाव पसंत नव्हते. ते म्हणत, "मेलेली म्हणू नये रे. एकट्या अनुस्वाराला उच्चार नसतो, म्हणून ती मुकी. जोडीला अक्षर आलं की बोलेल. तोवर तूही जरा कळ काढ."

त्या वयात मला हा शब्दावरचा विनोद वाटला होता. कळ म्हणजे यंत्राचे बटण, आणि कळ काढणे म्हणजे धीर धरणे, सोसणे. परंतु त्या पावसाळी रात्री मला वाटू लागले की अण्णा विनोद करीत नव्हते. एका फार जुन्या नैतिक प्रश्नाचे उत्तर ते आम्हाला शिकवीत होते. मात्र तो प्रश्नच तेव्हा माझ्यापुढे आला नव्हता.

तो प्रश्न माझ्यापुढे आणला एका आजीने. म्हणजे खरे पाहता तिच्या नातीने.

आजी मूळची गोव्याची. जन्म पोर्तुगीज अमदानीतला, 1961 पूर्वीचा. लहानपणी ती पोर्तुगीज शाळेत शिकली आणि लग्न होऊन आमच्या गावी आली. तिचे नाव मी येथे सांगत नाही. 'कोंसेसांव' किंवा 'जुआंव' ही गोव्यातली नावे वाचकांनी ऐकली असतील, त्यांच्याच जातकुळीतले ते आहे असे समजावे. त्या नावात सी या अक्षराला खाली एक शेपूट आहे आणि ए या अक्षराच्या डोक्यावर एक लाट. माहेरच्या घराच्या वाटणीत आपलेही नाव लागावे एवढीच तिची इच्छा होती. त्यासाठी एका कचेरीतून जन्मनोंदीचा उतारा हवा होता. नात माझ्या वर्गात, म्हणून अर्ज लिहिण्याचे काम माझ्याकडे आले.

मी अर्ज सुरेख तयार केला. समास सारखे, ओळी सारख्या. चित्रकलेच्या शिक्षकाला शोभेल असा. फक्त शेपूट आणि लाट तेवढी गाळली. त्या कशा काढतात हे मला ठाऊक नव्हते, आणि शोधण्याइतके महत्त्वही मला त्यांचे वाटले नाही. 'खुणाच तर आहेत' असे मी मनाशी म्हटल्याचे मला स्पष्ट आठवते.

आजी दोन बस बदलून गेली आणि दोन बस बदलून परत आली. या नावाची नोंद सापडत नाही, असे तेथे सांगण्यात आले. तिने अर्ज माझ्या टेबलावर ठेवला, चष्मा लावला, माझ्या नावावर बोट टेकवावे तसे स्वतःच्या नावावर टेकवले आणि आपल्या कोकणीत एवढेच म्हणाली, "मास्तर, हें म्हजें नांव न्हय."

आवाजात राग नव्हता. माझ्याच पेनाने तिने सीला शेपूट काढले, एच्या डोक्यावर लाट काढली. हात कापत होता. लाट मात्र जागच्या जागी पडली.

मी चटकन म्हणालो, "अहो, मशीनवर ते येत नाही."

तेव्हा नात बोलली. तेरा वर्षांची पोर. ती म्हणाली, "सर, आमचा अनुस्वार राहिला की तुम्ही अर्धा मार्क कापता. मग आजीची खूण राहिली तर चूक मशीनची कशी?"

लहान शाळेत चित्रकलेच्या शिक्षकालाही मराठीच्या वह्या तपासाव्या लागतात, आणि अनुस्वाराच्या बाबतीत मी कडक आहे, हे खरे. मी हसून वेळ मारून नेली. परंतु मुलांच्या प्रश्नावर शिक्षक हसतो तेव्हा बहुधा त्याच्याजवळ उत्तर नसते.

पुढे या विषयाची माहिती मिळवू लागलो, तेव्हा नातीचा प्रश्न मला वाटला होता त्याहूनही नेमका निघाला. पोर्तुगीज भाषेत त्या लाटेला 'तिल' म्हणतात. आपल्याकडे तीळ गालावर असतो, त्यांच्याकडे अक्षराच्या डोक्यावर! ही लाट म्हणजे उच्चार नाकातून करावा अशी सूचना. मध्ययुगात हस्तलिखिते उतरवणारे लेखक जागा वाचवण्यासाठी एन हे अक्षर बारीक करून आधीच्या अक्षराच्या डोक्यावर लिहीत. त्याचीच झिजून लाट झाली. म्हणजे ती चक्क आपल्या अनुस्वाराची दूरची बहीण! वर्गात मी ज्या खुणेसाठी मार्क कापत होतो, तिलाच आजीच्या नावावरून मी पुसून टाकले होते.

बरे, या खुणा नुसत्या दागिन्यासारख्या असत्या तर गोष्ट वेगळी. पण तशा त्या नाहीत. पोर्तुगीजमध्ये आजोबा आणि आजी या दोघांना शब्द एकच, 'अव्हो'; शेवटच्या स्वरावर छपरासारखी खूण असली तर आजोबा, तिरकी रेघ असली तर आजी. उच्चारात ओ थोडा मिटलेला की उघडा, एवढाच भेद. दोन्ही खुणा गाळल्या तर जो शब्द उरतो त्याचा अर्थ अपूर्णांकातला एक हिस्सा. आजोबाही गेले, आजीही गेली, हाती राहिला अपूर्णांक! फ्रेंच भाषेतले उदाहरण आम्हा किनाऱ्यावरच्या लोकांना विशेष जवळचे. तेथे कोळी आणि पापी या शब्दांत फरक आहे तो केवळ ई या अक्षरावरच्या खुणेचा. डोक्यावर छप्पर असले तर मासे धरणारा, तिरकी रेघ असली तर पाप करणारा. आणि आपल्याला हसायला तरी जागा कोठे आहे? 'आचार्यांचा सत्कार' आणि 'आचाऱ्यांचा सत्कार' यांत एका रकाराचेच अंतर आहे. सत्कार दोघांचाही व्हावा. पण ज्याचा ठरला त्याचाच व्हावा.

मग माझ्याच आयुष्यातला एक प्रसंग मला आठवला. पहिल्या कादंबरीसाठी एका संस्थेने माझा सत्कार केला होता. शाल झाली, श्रीफळ झाले आणि चकचकीत सन्मानचिन्ह हातात आले. माझ्या नावात एक अनुस्वार आहे. तो काढला की ऋतुराजाचा नुसता 'वसत' उरतो. सन्मानचिन्हावर मी 'वसत' झालो होतो. एका कार्यकर्त्याला हळूच दाखवले तेव्हा तो म्हणाला, "असू द्या हो सर, कळतं ना कुणाचं ते!" मी हसलो. पण आत कुठेतरी बारीक कळ उठली. मराठीत या शब्दाचा हाही एक अर्थ आहे. ती कळ मला इतकी नीट ठाऊक होती, आणि तरीही दुसऱ्याला ती देताना मला काहीच वाटले नाही. माणसाच्या मनाचे हे कोडे मला अजून सुटलेले नाही. आपला अनुस्वार गेला की अपमान. दुसऱ्याची लाट गेली की यंत्राची मर्यादा!

यंत्राची मर्यादा म्हणजे तरी काय, तेही पाहू. यंत्र आपण होऊन काहीच गाळीत नाही. कोणाला जागा द्यायची हे माणसांनी आधी ठरवलेले असते. अमेरिकेत 1963 साली संगणकांसाठी अक्षरांची एक प्रमाण यादी तयार झाली. तिच्यात एकूण जागा 128. इंग्रजीचे काम खुणांवाचून चालते, म्हणून खुणावाल्या अक्षरांना स्वतंत्र जागा मिळाली नाही. पुढे ज्या दोनचार सुट्या खुणा त्या यादीत आल्या, त्या अक्षर छापून, एक घर मागे सरकून, त्यावर खूण छापता यावी या हिशेबानेही आल्या होत्या. म्हणजे मागे सरकून दुसऱ्याची खूण देण्याची सोय तेव्हाही होती. मग देशोदेशींच्या निरनिराळ्या याद्या झाल्या आणि 1991 साली युनिकोडचा पहिला भाग प्रसिद्ध झाला. आज युरोपातली खुणावाली अक्षरे आणि आपली देवनागरी एकाच यादीत सुखाने नांदतात.

कळफलकावर मात्र जागा अजूनही मोजकीच. म्हणून प्रत्येक देशाने आपल्या गरजेप्रमाणे घरे वाटून दिली आहेत. स्पॅनिश लोकांनी लाटेच्या एनला स्वतंत्र कळ दिली. पोर्तुगिजांनी शेपटीच्या सीला दिली. जर्मनांनी दोन टिंबांच्या स्वरांना दिली. उरलेल्या खुणा मुक्या कळेवर. यात काटकसरीचे मोठे शहाणपण आहे. पाच स्वर आणि चार खुणा यांची वीस अक्षरे होतात. वीस कळा कोठे ठेवायच्या? त्याऐवजी खुणेच्या चार कळा केल्या की त्या पाचही स्वरांच्या उपयोगी पडतात. त्यासाठी किंमत एकच द्यावी लागते. क्षणभर थांबावे लागते.

एक मजा मला फार आवडली. मुकी कळ आधी दाबावी लागते आणि अक्षर मागाहून. पण तेच अक्षर आणि खूण युनिकोडमध्ये सुटी सुटी साठवायची झाली तर अक्षर आधी येते आणि खूण मागाहून. आपल्या पहिल्या वेलांटीचेही असेच. कागदावर ती अक्षराच्या आधी उभी राहते, बोलताना मात्र मागून येते, आणि युनिकोड तिला मागेच ठेवतो. कोण आधी आणि कोण मागाहून हा मानपानाचा वाद आपण माणसांनी लग्नकार्यात घालावा. खुणा आणि अक्षरे तो घालीत नाहीत.

आता दुसरी बाजू. ती मांडली नाही तर लेख एकांगी होईल. पुष्कळ समंजस माणसे विचारतील की नाव म्हणजे शेवटी एक चिठ्ठीच ना? हेतू शुद्ध असेल तर एका रेघेने काय बिघडते? व्यवहार कोट्यवधी माणसांचा. प्रत्येकाच्या लाटा आणि शेपट्या सांभाळत बसलो तर कामे व्हायची कधी? हा आक्षेप पोरकट नाही. जगभरच्या पासपोर्टांवर अगदी तळाशी यंत्राने वाचायच्या दोन ओळी असतात. त्यांत रोमन लिपीची 26 अक्षरे, अंक आणि एक भरणीचे चिन्ह, एवढेच चालते. तेथे लाटही नाही आणि टिंबही नाही. राजाला नाही आणि रंकालाही नाही. सर्वांना एकच कात्री लावण्यात एक प्रकारची समता आहे, हे मान्य केले पाहिजे.

पण याच पासपोर्टावर वरच्या भागात माणसाचे नाव खुणांसह छापता येते. खाली यंत्राची ओळ, वर माणसाचे नाव. आणि खालची ओळ म्हणजेच माणूस असे कोणी समजू नये. हा तोडगा मला सभ्य वाटतो. घोटाळा होतो तो वरची ओळ पुसून खालचीच खरी मानली म्हणजे.

असा घोटाळा फ्रान्समध्ये झाला होता. ब्रिटनी प्रांतात 2017 साली एका जोडप्याने आपल्या बाळाचे नाव प्रांताच्या जुन्या भाषेतले ठेवले. त्यात एन या अक्षरावर लाट होती. सरकारच्या मान्य खुणांच्या यादीत ती नव्हती. कँपेर येथील न्यायालयाने लाट नाकारली. ती मान्य केली तर देशाची एकता आणि मूळ न पाहता सर्वांना समान लेखण्याचे तत्त्व यांना बाध येईल, असा त्या निकालाचा आशय होता. 2018 साली रेन येथील अपील न्यायालयाने तो निकाल फिरवला. ही खूण फ्रेंच भाषेला अनोळखी नाही असे सांगून बाळाला त्याची लाट परत दिली. सरकारी पक्ष आणखी वर गेला; 2019 मध्ये तेथेही त्याचे अपील फेटाळले गेले. तोवर बाळ दोन वर्षांचे होऊन धावू लागले असेल. एका रेघेने एवढ्या मोठ्या देशाची एकता कशी मोडते, हे मला समजत नाही. रेघ पुसल्याने मात्र एका घराचा विश्वास मोडतो, हे मी आजीच्या चेहऱ्यावर पाहिले आहे.

यावर कोणी म्हणेल, मास्तर, खुणा अमर असतात काय? आपणच नाही का त्या गाळल्या? खरे आहे. मराठीतले न उच्चारले जाणारे अनुस्वार साहित्य महामंडळाच्या 1962 च्या नियमांनी गेले. माझ्या आजोबांच्या पत्रांत 'घरें' आणि 'केलें' यांच्या डोक्यांवर टिंबे आहेत. माझ्या लिहिण्यात नाहीत आणि त्यामुळे माझे काही अडत नाही. फ्रेंच लोकांनीही 1990 साली काही स्वरांवरचे छप्पर बहुतेक शब्दांत ऐच्छिक केले. पण त्या भाषा बोलणाऱ्यांनी वाद घालून, भांडून, आपल्या हातांनी आपल्या खुणा उतरवल्या. घरमालकाने स्वतः जुने कौल उतरवणे वेगळे आणि वाटसरूने अडचण होते म्हणून ते काढून टाकणे वेगळे.

माझा पुतण्या सांगतो की जर्मन माणसांना दोन टिंबांचा यू लिहिण्याची सोय नसेल तर ते त्याऐवजी यू आणि ई लिहितात, आणि त्यात कोणाला अपमान वाटत नाही. ती त्यांचीच जुनी रीत आहे. परदेशी गेलेली आपली मुलेही तिकडच्या लोकांच्या सोयीसाठी आपली नावे आखूड करतात. अनिरुद्धचा अनि होतो, आणि तो खुशीत असतो. यावरून मला एक साधा नियम सुचतो. नाव आखूड करण्याचा हक्क नाव धारण करणाराचा आहे, लिहिणाराचा नाही. 'चालेल हो' हे शब्द त्याने म्हणायचे असतात. आपण त्याच्या वतीने ते आपल्याच मनाशी म्हणून टाकतो, तेथे आपली चूक होते. क्षमा ही मागून मिळते. ज्याने अपराध केला त्यानेच ती आधी स्वतःला देऊन ठेवली तर तिला सोय म्हणतात, क्षमा नव्हे.

म्हणजे जगातल्या सगळ्या खुणा आपल्याला पाठ असल्या पाहिजेत काय? तसे मी म्हणत नाही. ते पंडितांनाही साधणार नाही, मग माझ्यासारख्या मॅट्रिकवाल्याला कोठून? आपले कर्तव्य त्याहून पुष्कळ लहान आहे. हात थांबवायचा आणि विचारायचे, "तुमचं नाव तुम्ही कसं लिहिता?" बस्स. एवढे विचारले असते तर आजीच्या चार बसगाड्या वाचल्या असत्या.

विचारल्यावाचून खुणा वाटत सुटणे हीसुद्धा चूकच, हेही मुक्या कळेनेच मला शिकवले. कळफलक 'आंतरराष्ट्रीय' केल्यापासून माझ्या संगणकाची अवतरणचिन्हाची कळही मुकी झाली. इंग्रजी शब्द अवतरणात घालायला जावे, तर चिन्ह गायब होते आणि शब्दाचा पहिला स्वर डोक्यावर तिरकी रेघ घेऊन मिरवत येतो. कोणी बोलावले नसताना! अशा वेळी खुणेची कळ दाबून मग मोकळ्या जागेची पट्टी दाबावी लागते, तेव्हा कोठे अवतरणचिन्ह सुटे होते. अति आदराचेही असेच आहे. नुकतीच ओळख झालेल्या माणसाच्या नावामागे पदव्या आणि नावापुढे 'जी' जोडणारे लोक मी पाहिले आहेत. समोरच्याला काय हवे हे न विचारता दिलेला मान हा बहुधा देणाराच्याच हौसेसाठी असतो.

अण्णांना जाऊन आता बरीच वर्षे झाली. त्यांची यंत्रे भंगारात गेली. टंकलेखनाच्या परीक्षा आता संगणकावर होतात. पण त्यांचे ते वाक्य मी आता वर्गात सांगतो. ज्या कळा दाबताच काही उमटते आणि कॅरेज पुढे पळते, त्यांच्यावर आपले सगळे आयुष्य चालले आहे. काम केले की ते दिसावे आणि आपण एक घर पुढे जावे, असे आपल्याला वाटते. दुसऱ्याचे नाव नीट विचारून घेणे, आजाऱ्याजवळ उगाच बसणे, मंद मुलाला तोच धडा चौथ्यांदा सांगणे, ही कामे मुक्या कळेसारखी आहेत. ती केली तेव्हा काहीच उमटत नाही, आपण पुढे सरकत नाही, आणि पाहणाराला वाटते की यंत्र बिघडले. मागाहून दुसऱ्याचे अक्षर येते आणि त्याच्या डोक्यावर आपण दिलेली खूण दिसते. आपले नाव तेथे नसते. नसावेच.

दुसरा अर्ज त्या रात्री पुरा झाला. शेपूट जागेवर, लाट जागेवर. आजी पुन्हा दोन बस बदलून गेली. या खेपेस मी बरोबर गेलो. नोंद सापडली. वाटणीचे काम अजून चालू आहे. कागदावर नाव नीट आले म्हणून भावंडांची मने लगेच नीट होतात असे थोडेच आहे? पण उताऱ्यावर तिचे नाव तिचेच आहे.

यंदा फराळाचा डबा तिच्याकडे पाठवायचा होता. नाताळात तिच्या घरून आमच्याकडे नेवऱ्या येतात, दिवाळीत आमच्या घरून तिच्याकडे करंज्या जातात. दोन्ही घरांतल्या बायका एकमेकींच्या सारणाला नावे ठेवतात आणि डबा रिकामा करतात. डब्यावर चिकटवायच्या कागदावर मी बोरूने तिचे नाव लिहिले. शेपूट काढले. लाट काढण्यापूर्वी जरा थांबलो, आणि नातीला हाक मारून विचारले, "बघ गं, इथेच ना?"

"हो सर," ती म्हणाली. "आता पूर्ण मार्क."

आजीने कागद दूर धरून वाचला, मग जवळ धरून वाचला. नावाबद्दल ती काहीच बोलली नाही. चकल्या वाटेत मोडल्या होत्या. त्याबद्दल मात्र तिने मला चांगलेच सुनावले.